आत्याचा आजार कोणत्या रकान्यात लिहायचा?

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ नाकाडोंगरी आहे. आजूबाजूला जंगल, धानाच्या बांध्या, पलीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी. सोयरिकी राज्याची हद्द पाहून होत नाहीत. इकडच्या लेकी बालाघाटकडे जातात, तिकडच्या सुना इकडे येतात. अशा गावांत तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक अर्ज आशाताईंनी भरायचा असतो. आरोग्य खात्यात त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, असे प्रश्न त्यात येतात. बायकांना पुढे विचारले जाते की छातीत गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात फरक पडला आहे का.

अर्ज उपयोगाचा आहे, यात शंका नाही. पण घराण्यात कुणाला कॅन्सर झाला होता का, हा प्रश्न त्यात नाही. रक्तदाबाचा वारसा विचारला जातो, मधुमेहाचा विचारला जातो. ज्या आजाराच्या आनुवंशिकतेवर जगात गेली दीडशे वर्षे संशोधन चालू आहे, त्याचा मात्र विचारला जात नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावल्याचा आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या अहवालानुसार २९ बायकांमागे एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार गाठण्याचा धोका आहे. यातले बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. साधारण शंभरातले पाच ते दहा आई किंवा वडिलांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतात. टक्का लहान असला तरी एकूण आकडा मोठा असल्याने देशभरात दरवर्षी हजारो बायका या गटात येतात. शिवाय आपल्याला धोका आहे हे आजाराआधी कळू शकेल, अशी शक्यता सर्वांत जास्त याच बायकांच्या बाबतीत असते.

हे जनुक सापडले कसे, हे पाहिले तर नाकाडोंगरीच्या अर्जातल्या उणिवेचे महत्त्व कळते. फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याचा वंशवृक्ष छापला. चार पिढ्यांत कोण कशाने गेले, याची ती नोंद होती आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या बायका इतक्या होत्या, की तो योगायोग मानता येईना. तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता. पुढे अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० च्या दशकात हाच धागा पकडला. एवढ्या गुंतागुंतीच्या आजारामागे एकच जनुक असेल, हे त्या काळी अनेकांना पटत नव्हते. किंग यांनी २३ मोठी कुटुंबे तपासली, त्यांतल्या १४६ रुग्ण बायकांच्या नोंदी लावल्या आणि १९९० मध्ये सांगितले की दोषाची जागा सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ‘बीआरसीए-१’ हे जनुक नेमके हाती लागले. पाठोपाठ १९९५ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरचे ‘बीआरसीए-२’ सापडले. यंत्रे नंतर आली. सुरुवात झाली ती मावशी कशाने गेली, आजी कशाने गेली, हे चिकाटीने विचारण्यापासून.

या दोन्ही जनुकांचे काम दुरुस्तीचे आहे. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटत असतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर ते बिनचूक जोडायला या जनुकांपासून बनणारी प्रथिने लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. मात्र स्तनातल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली की चुका साचत जातात आणि पेशी बेलगाम वाढू लागते. पाश्चात्त्य कुटुंबांच्या २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की सदोष बीआरसीए जनुक असलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोकाही बराच वाढतो, ‘बीआरसीए-१’ असेल तर अधिकच.

या संशोधनात मराठी बाईचाही हात आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, हुजूरपागेत शिकल्या आणि फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केले. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात परतल्यावर देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. त्यांचा मुख्य विषय होता स्तनाचा कॅन्सर. उंदरांच्या ठरावीक वाणांत हा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, त्यात वारसा किती, संप्रेरके किती आणि विषाणू किती, हे त्या तपासत होत्या. उंदरांमध्ये आईच्या दुधातून जाणारा एक विषाणू हा आजार पिलांपर्यंत नेतो, हे अमेरिकेत १९३६ मध्ये आढळले होते.   रणदिवे १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्यांनी अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम हाती घेतले. त्यांच्या संस्थेचेच पुढचे रूप खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कॅन्सर संशोधन संस्थेत आहे, आणि आनुवंशिक कॅन्सरच्या कुटुंबांना सल्ला देणारे टाटा स्मारक केंद्राचे काम डॉ. राजीव सरीन यांनी तिथेच वाढवले.

म्हणजे विद्या आपल्याकडे आहे, तीही आजची नाही. ती खारघरपासून नाकाडोंगरीपर्यंत पोचत नाही, कारण मधल्या वाटेवर कुणी प्रश्नच विचारत नाही.

आता आत्याकडे येऊ. सदोष जनुक वडिलांकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच असते. पुरुषाला ते जनुक असेल, तर त्याच्या प्रत्येक मुलामुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी. तो स्वतः आयुष्यभर धडधाकट राहू शकतो, कधीकधी त्यालाही स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. पण मुलीला धोका आहे की नाही, हे त्याच्या बहिणींकडे पाहिल्यावरच कळते. आपल्याकडे ‘आईला होता का?’ एवढे तरी विचारले जाते. आत्याचे नाव कुणी काढत नाही. आत्या तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली असते. तिचा आजार तिच्या सासरचा, तिचा दवाखाना तिकडचा, तिचे मरण तिकडचे. भावाच्या घरी फक्त निरोप येतो.

ग्रामीण आरोग्यसेवेची सगळी नोंद घराच्या हिशेबाने चालते. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. पण त्या घरातल्या सुनेचा वारसा त्या घरात नसतोच, तो तिच्या माहेरी असतो. तिची आई एका तालुक्यात, मावशी दुसऱ्या, आत्या राज्याच्या हद्दीपलीकडे. सासूच्या रक्तदाबाची नोंद सुनेच्या शेजारी बसते आणि सुनेच्या आईला चाळिशीत झालेला कॅन्सर कुठल्याच कागदावर येत नाही. लग्न झालेल्या बाईचे नाव, गाव आणि पत्ता बदलणाऱ्या समाजात आनुवंशिकतेची साखळी प्रत्येक पिढीत एकदा तुटते. ती जोडता येते फक्त त्या बाईला विचारून.

विचारायचेही तिला कळेल अशा बोलीत. ‘कौटुंबिक इतिहास’ म्हटले की उत्तर ‘काही नाही’ असेच येणार. आई, आजी, मावशी, आत्या, बहीण, चुलतबहीण यांपैकी कुणाच्या छातीत गाठ होती का? कुणाचा स्तन काढावा लागला का? कुणी ‘पोटात पाणी होऊन’ गेली का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक असतात, यकृताचा आजार असतो, क्षय असतो. पण बायकांमध्ये त्यामागे बीजांडकोशाचा कॅन्सरही असू शकतो आणि गावात त्याला दुसरे नाव नसते. वय विचारणे तर सर्वांत महत्त्वाचे. सत्तरीत झालेला कॅन्सर आणि पस्तिशीत झालेला कॅन्सर यांचा घराण्यासाठीचा अर्थ एक नाही.

यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मानधनासाठी त्यांना वारंवार आंदोलने करावी लागतात. त्यांच्या माथी आणखी एक रकाना का? त्यापेक्षा सरकारने सगळ्यांचीच जनुकचाचणी करावी, असेही शहरी चर्चेत ऐकू येते. २०१३ मध्ये अँजेलिना जोली या अभिनेत्रीने चाचणीनंतर स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले, तेव्हापासून ही चाचणी म्हणजे आधुनिकतेची खूण असल्यासारखे बोलले जाते.

सरसकट चाचणीचा मार्ग चुकीचा आहे. बहुतेक बायकांच्या बाबतीत तिच्यातून काहीच निघणार नाही. शिवाय जगातला जनुकीय माहितीचा साठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्याने भारतीयांच्या अहवालात ‘या बदलाचा अर्थ निश्चित नाही’ असा शेरा जास्त वेळा येतो. नुसती भीती पदरी पडते. चाचणीची निवड वंशवृक्ष आणि रुग्णाचे लक्षण पाहूनच व्हायला हवी. कमी वयात झालेला कॅन्सर, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारचा कॅन्सर (याचा अर्थ पुढे येतो), बीजांडकोशाचा कॅन्सर, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, एकाच घराण्यात दोन-तीन रुग्ण, अशांना ती आधी मिळावी. ती सर्वप्रथम आजारी व्यक्तीची करायची असते. तिच्यात दोष सापडला तरच बहिणी आणि मुलींची. म्हणजे आशाताईंचा एक प्रश्न हजारो अनावश्यक चाचण्या वाचवतो. त्याचे मानधन वेगळे द्यावे, हे ओघाने आलेच.

दुसरा धोका जास्त खरा आहे. ‘त्या घरात कॅन्सर आहे’ असा बोभाटा झाला की मुलींची लग्ने अडतात. ही भीती खोटी नाही आणि ती मनात असताना कुणी खरे सांगणार नाही. त्यामुळे ही नोंद घराच्या कार्डावर नको, त्या बाईच्या स्वतःच्या कागदावर हवी आणि आशाताई व डॉक्टर यांच्यापलीकडे तिला पाय फुटता कामा नयेत.

जनुकाचा विषय एवढा मांडल्यावर उरलेल्या नव्वद-पंचाण्णव टक्क्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. तिथे जीवशास्त्र वेगळी गोष्ट सांगते. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते की जोगिणींमध्ये हा आजार जास्त दिसतो. इंग्लंडच्या जेनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्ये रुग्ण आणि निरोगी बायकांची तुलना करून मूल होणे आणि अंगावर पाजणे यांचा संबंध दाखवला. मुंबईत डॉ. जस्सावाला यांनी १९६३ मध्ये देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली आणि १९७७ मध्ये दाखवून दिले की शहरातल्या सगळ्या समाजांत पारशी बायकांना हा आजार सर्वाधिक होतो. उशिरा लग्ने आणि कमी मुले हे त्यांच्यातले ठळक वेगळेपण होते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथे उलटे चित्र दिसले. स्तनाचा कॅन्सर मुंबईपेक्षा बराच कमी आणि गर्भाशयमुखाचा पुढे. पाळी लवकर येणे, पहिले मूल उशिरा होणे, मुले कमी असणे, रजोनिवृत्तीनंतर वजन वाढणे, या साऱ्यांमुळे स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा अंमल वाढतो. गावातली मुलगी शिकली, उशिरा लग्न केले, दोन मुलांवर थांबली, हे तिच्या हिताचेच आहे. त्याबरोबर हा धोका थोडा वाढतो, एवढे मान्य करून आरोग्यसेवेने तयारी ठेवायची. तिला दोष द्यायचा नाही.

तयारी म्हणजे काय, याचे उत्तरही मुंबईनेच दिले आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासत होत्या. यंत्र नव्हते, मॅमोग्राफी नव्हती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडणाऱ्या कॅन्सरचे प्रमाण ३७ टक्के होते, तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के. सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यूंतली घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. मात्र पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. नीट शिकवलेल्या बाईचा हात किती काम करतो, याचा एवढा मोठा पुरावा जगात दुसरीकडे सापडणे कठीण. सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढच्या बायकांची अशीच तपासणी करण्याचे धोरण आखले. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनतपासणी कधीतरी झालेल्या शंभरात एकही भरली नाही. आकडा होता ०.९ टक्के.

हा आकडा केवळ सरकारच्या नाकर्तेपणाचा नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये जगाला सांगितले की ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, त्यातल्या फारच थोड्यांची आधी तपासणी झाली होती. स्तनाच्या गाठीचे तेच होते. ती बहुधा दुखत नाही. दुखत नाही तर रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दाखवायला कोण जाईल? दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल तर आणखी महिना जातो. मग ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ अशी समजूत आडवी येते. शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी निसटत असतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतला आहे. शल्यवैद्य डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १,६०० रुग्णांवर प्रयोग केला. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. खर्च शंभर रुपयांच्या आत. चाकूच्या भीतीचे उत्तर चाकू टाळण्यात नाही, ते अशा चांगल्या शस्त्रक्रियेत आहे.

गाठ सापडल्यावर ‘कॅन्सर आहे’ एवढ्या निदानावर उपचार ठरत नाहीत. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आहेत का, ‘हर-२’ हे प्रथिन वाढले आहे का, हे बायोप्सीच्या तुकड्यावर तपासावे लागते. ग्राहक असतील तर टॅमोक्सिफेनसारखी स्वस्त गोळी वर्षानुवर्षे संरक्षण देते. ‘हर-२’ असेल तर ट्रास्टुझुमॅब लागते. ते औषध परदेशात १९९८ मध्ये आले आणि त्याची भारतीय बनावटीची स्वस्त आवृत्ती २०१४ मध्ये. तिन्ही नसतील तर तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते आणि सदोष ‘बीआरसीए-१’ बरोबर येणारा कॅन्सर बहुधा याच प्रकारचा असतो. हा अहवाल नसेल तर चांगला डॉक्टरही अंधारात औषध देतो. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अमेरिकेत ९० टक्के होते आणि भारतात ६६. हा फरक उशिरा निदान आणि अर्धवट उपचार यांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन कसोट्या दिल्या आहेत. ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर सापडावेत, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्ध्यावर सुटू नयेत. नाकाडोंगरीच्या बाईसाठी याचा अर्थ असा: गावात नीट शिकलेला हात, तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याला सोनोग्राफी आणि बायोप्सीची सोय, तिथूनच तुकडा नागपूरला जाऊन ग्राहकांसह अहवाल परत. बाईने नागपूरच्या फेऱ्या कागदासाठी मारू नयेत, उपचारासाठीच जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो; निदानाआधीचे धक्के, प्रवास आणि बुडालेली मजुरी बसत नाही, आणि माणसे तिथेच थकतात. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयांतून महिन्यातून एकदा फोनवर किंवा पडद्यावर आनुवंशिकतेचा सल्ला तुमसर-भंडाऱ्याला मिळाला, तर खारघर गाठण्याची गरज मोजक्याच कुटुंबांना पडेल.

या सगळ्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट आधी करावी. राज्याच्या आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढून आशाताईंच्या अर्जाला कॅन्सरच्या वारशाचा प्रश्न जोडावा, त्यात माहेरच्या आणि वडिलांकडच्या नात्यांची नावे छापावीत आणि उत्तर ‘हो’ आले तर त्या बाईची तपासणी आधी व्हावी. वाचकांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. आपल्या आत्या, मावश्या आणि दोन्हीकडच्या आज्या कशाने आणि कितव्या वर्षी गेल्या, हे घरातल्या जुन्या माणसांना ते आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे. त्या यादीत पन्नाशीच्या आतला स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयातला बीजांडकोशाचा कॅन्सर किंवा पुरुषाचा स्तनाचा कॅन्सर निघाला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे, घरात फक्त मुलगेच असले तरीही.